भांडवलीकरण दर

भाड्याने दिलेल्या अथवा देता येण्याजोग्या स्थावर मिळकतीपासून एका वर्षात मिळणारे निव्वळ उत्पन्न आणि त्या मिळकतीची किंमत यांच्या शेकडा प्रमाणास ‘भांडवलीकरण दर’ असे म्हणतात. ५० लाख रुपयांस घेतलेल्या दुकानाच्या गाळ्यापासून सर्व खर्च वजा जाता वर्षाला ४ लाख रुपये हाती राहत असतील, तर त्या गाळ्याचा भांडवलीकरण दर ८ टक्के होय. हेच गणित उलट दिशेनेही करता येते व मूल्यनिर्धारक ते बहुधा तसेच करतात. त्याच पेठेतील दुसऱ्या गाळ्याचे निव्वळ उत्पन्न ३ लाख रुपये असेल आणि अशा मिळकतींना ८ टक्के दर योग्य आहे असे मानले, तर ३ लाखांस ०.०८ ने भागून त्याचे मूल्य ३७.५ लाख रुपये येते. १०० या संख्येस दराने भागले असता जो गुणक मिळतो, तो मिळकतीची किंमत किती वर्षांच्या निव्वळ भाड्याइतकी आहे हे दाखवितो. ८ टक्क्यांस १२.५ वर्षे, ५ टक्क्यांस २० वर्षे आणि ४ टक्क्यांस २५ वर्षे. दर जितका कमी तितके मूल्य अधिक.

‘अमुक वर्षांच्या भाड्याची जमीन’ ही वर्षगुणकाची भाषा दराच्या भाषेहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात जमिनीची किंमत अशीच सांगितली जाई. सर विल्यम पेटी यांनी १६६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या करविषयक ग्रंथात जमिनीचे स्वाभाविक मूल्य २१ वर्षांच्या खंडाइतके धरले. आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्या एका वेळी जेवढा काळ हयात असतात तेवढ्याच काळाची चिंता मनुष्य करतो, असे त्यांचे त्यामागील तर्कशास्त्र होते. ते आज कोणी मान्य करणार नाही. परंतु त्यांनी त्यास जोडलेले निरीक्षण मात्र टिकाऊ ठरले. मालकीहक्क निर्वेध असलेल्या देशांत हा गुणक वाढतो आणि हक्क डळमळीत असलेल्या आयर्लंडसारख्या प्रदेशांत तो घटतो, असे त्यांनी नमूद केले. एकाच प्रतीच्या दोन जमिनींचे खंड समान असूनही किंमती भिन्न का असतात, याचे ते बहुधा सर्वांत जुने स्पष्टीकरण असावे. पुढे विल्यम इनवुड यांची कोष्टके (१८११) आणि हॉस्कोल्ड यांचा मूल्यांकनावरील ग्रंथ (१८७७) यांमुळे मुदतीच्या भाडेपट्ट्यांचे व खाणींसारख्या संपणाऱ्या संपत्तीचे गणित सुलभ झाले. मिळकत मुदतीअंती नाहीशी होणार असेल, तर उत्पन्नाचा काही भाग दरवर्षी बाजूला ठेवून मूळ भांडवल भरून काढावे लागते. अशा निधीची तरतूद गुणकातच अंतर्भूत केल्यामुळे मुदतीच्या पट्ट्याचा गुणक कायम मालकीच्या मिळकतीच्या गुणकापेक्षा लहान येतो.

भारतात ही पद्धती ब्रिटिश अमदानीत, विशेषतः १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाखालील नुकसानभरपाईच्या दाव्यांतून रुजली. न्यायालये इमारतीच्या निव्वळ भाड्यास योग्य त्या वर्षगुणकाने गुणीत आणि गुणक ठरविताना सरकारी कर्जरोख्यांवरील व्याजाचा दर डोळ्यांपुढे ठेवीत. केरळ राज्य विरुद्ध हसन कोया या खटल्यात (१९६८) सर्वोच्च न्यायालयाने इमारतीसह संपादन केलेली जमीन ही एकच मिळकत समजून तिचे मूल्य ठरवावे, असे सांगितले व त्यासाठी उत्पन्नाच्या भांडवलीकरणाची पद्धती ग्राह्य मानली. १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या नव्या भूसंपादन अधिनियमात बाजारमूल्याचा मुख्य आधार नोंदणीकृत खरेदीखते हा आहे.

गुणक हा नेहमी बाजारातूनच येतो असे नाही; पुष्कळदा तो विधिमंडळाने ठरविलेला असतो. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ३२-ह नुसार कायम कुळाने जमीनमालकास द्यावयाची खरेदीकिंमत खंडाच्या सहापट, तर इतर कुळांच्या बाबतीत ती आकाराच्या २० ते २०० पट ठेवण्यात आली. सहापट म्हणजे दराच्या भाषेत १६.६७ टक्के. त्या काळी सुरक्षित गुंतवणुकीवर असा दर कोठेही मिळत नव्हता. कसणाऱ्याच्या हाती जमीन जावी म्हणून मालकाच्या हक्काचे मूल्य जाणूनबुजून कमी धरले गेले, हे त्या आकड्यात स्पष्ट दिसते. याउलट संपत्ती कर अधिनियम, १९५७ याच्या तिसऱ्या अनुसूचीने (१९८९ पासून) घराचे मूल्य निव्वळ भाड्याच्या १२.५ पट धरले. जमीन भाडेपट्ट्याची असून पट्ट्याची ५० वा त्याहून अधिक वर्षे शिल्लक असल्यास हा गुणक १० व त्याहून कमी वर्षे शिल्लक असल्यास ८ होता. निव्वळ भाडे काढताना एकूण भाड्यातून स्थानिक कर आणि १५ टक्के रक्कम वजा केली जाई. हा कर २०१५ च्या वित्त अधिनियमाने रद्द झाला. मालकी, दीर्घ पट्टा व अल्प पट्टा यांना अनुक्रमे ८, १० व १२.५ टक्के दर लावणारी ही अनुसूची भांडवलीकरणाचे तत्त्व समजून घेण्यास आजही उपयुक्त आहे.

निव्वळ उत्पन्न : दराचे सारे गणित एका भागाकाराचे असले, तरी त्यातील अंश शोधणे हे कष्टाचे काम आहे. प्रत्यक्ष करारातील भाडे आणि त्या जागेस आज बाजारात मिळू शकेल असे भाडे ही भिन्न असू शकतात. भाडेकरूने मोठी अनामत रक्कम देऊन मासिक भाडे कमी ठरविले असेल, तर अनामतीवरील वाजवी व्याज भाड्यात मिळवावे लागते. त्यानंतर जागा रिकामी राहण्याचा काळ व वसूल न होणारे भाडे यांसाठी वजावट करतात. मालकाने भरावयाची घरपट्टी, विमा, सामाईक जागेची वीज व झाडलोट, व्यवस्थापनाचा खर्च आणि दुरुस्ती या बाबी त्यापुढे येतात. दुरुस्तीत केवळ त्या वर्षी झालेला खर्च धरणे चुकीचे ठरते; दर पाच-सात वर्षांनी येणारी रंगरंगोटी किंवा पंधरा-वीस वर्षांनी बदलावे लागणारे उद्वाहन यांचाही वार्षिक हिस्सा धरला पाहिजे. मालक स्वतः व्यवस्था पाहत असेल, तर त्याच्या श्रमाचा मोबदलाही खर्चातच मोडतो. मात्र कर्जावरील व्याज व मालकाचा आयकर वजा करीत नाहीत. कारण त्या बाबी मालकागणिक बदलतात, मिळकतीगणिक नव्हे.

जाहिरातींतून व दलालांच्या तोंडून जो ‘परतावा’ ऐकू येतो तो बहुधा एकूण भाड्यावर काढलेला असतो. घरभाड्याच्या बाबतीत एकूण व निव्वळ यांतील फरक पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत सहज जातो, आणि पाहुण्यांना रोजच्या भाड्याने द्यावयाच्या खोल्यांत तर निम्म्याहूनही अधिक.

दराची निश्चिती : समान प्रकारच्या मिळकतींच्या अलीकडील व्यवहारांत विक्रीची किंमत व निव्वळ भाडे या दोन्ही गोष्टी माहीत असतील, तर त्यांच्या प्रमाणावरून दर थेट काढता येतो. हा मार्ग सर्वांत विश्वसनीय होय. असे व्यवहार पुरेसे नसतील तेथे दर घटकांतून उभारावा लागतो. त्याचा पाया म्हणजे दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांवरील उत्पन्न. भारतात २०२० नंतरच्या वर्षांत १० वर्षांच्या रोख्यांवर ते ६ ते साडेसात टक्क्यांच्या आसपास राहिले. त्यात भाडेकरू न मिळण्याचा वा भाडे बुडण्याचा धोका, मिळकत हवी तेव्हा विकता न येण्याची अडचण आणि इमारतीची झीज यांबद्दल भर घालतात आणि भाडे व किंमत यांत अपेक्षित असलेली वार्षिक वाढ त्यातून वजा करतात. या शेवटच्या वजाबाकीमुळेच मोठ्या शहरांतील सदनिकांचा दर सरकारी रोख्यांपेक्षाही कमी दिसतो. मुंबई-पुण्यात सदनिकेच्या किंमतीवर भाड्याचे उत्पन्न साधारणतः २ ते ४ टक्के भरते, तर कार्यालयांच्या चांगल्या इमारतींवर ते ७ ते ९ टक्क्यांच्या घरात असते. सदनिका घेणारा ३ टक्क्यांवर समाधान मानतो तो भाड्यासाठी नव्हे. किंमत वाढेल या अपेक्षेचे पैसे तो आधीच मोजत असतो. ती वाढ न झाल्यास कमी दराचे दुसरे कोणतेही समर्थन उरत नाही.

दर अल्प असतो तेथे त्यातील लहानसा बदलही मूल्यावर मोठा परिणाम करतो. ८ टक्क्यांचा दर ९ टक्के झाला, तर मूल्य सुमारे ११ टक्क्यांनी उतरते. ४ चा ५ झाला, तर ते २० टक्क्यांनी उतरते. म्हणून दोन अनुभवी मूल्यनिर्धारकांच्या अहवालांत भाड्याबद्दल एकमत असूनही किंमतीत लाखोंचा फरक पडू शकतो.

भाडेनियंत्रण आणि दर : महाराष्ट्रात भांडवलीकरण दराची खरी कसोटी मुंबईच्या जुन्या चाळींत लागली. मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच ‘प्रमाण भाडे’ ठरविले. त्या दिवशी जागा भाड्याने दिलेली नसल्यास तत्पूर्वीचे शेवटचे अथवा त्यानंतरचे पहिले भाडे. युद्धकाळातील टंचाई व फाळणीनंतरचे निर्वासितांचे लोंढे पाहता हा उपाय त्या वेळी आवश्यक होता; पण तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा वारंवार मुदतवाढ मिळून अर्धशतक टिकला. मलपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने भाडे १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे मत दिले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करण्यास मुभा दिली आणि बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या व एक कोटी रुपये वा अधिक वसूल भागभांडवलाच्या कंपन्या यांना दिलेल्या जागा नियंत्रणातून वगळल्या.

अशा नियंत्रित इमारतीस भांडवलीकरणाचे सूत्र लावल्यास काय होते ते पुढील काल्पनिक आकड्यांवरून दिसेल. एका चाळीचे वार्षिक भाडे २ लाख ४० हजार रुपये असून कर, दुरुस्ती व व्यवस्था यांवर दीड लाख रुपये खर्च होतात. उरलेल्या ९० हजारांचे ८ टक्क्यांनी भांडवलीकरण केल्यास चाळीची किंमत ११ लाख २५ हजार रुपये येते. मध्य मुंबईत एवढ्या पैशांत त्या चाळीतील एक खोलीही मिळणार नाही. सूत्र चुकलेले नसते; ते ज्याचे मूल्य सांगते तो केवळ घरमालकाचा भाडे वसूल करण्याचा हक्क असतो. ताबा व वहिवाट यांचे मूल्य भाडेकरूकडे गेलेले असते आणि ते पागडीच्या रूपाने हस्तांतरित होते. खोली दुसऱ्यास देताना भाडेकरू पागडी घेतो व तिचा काही हिस्सा घरमालकास देतो. हा व्यवहार दीर्घकाळ कायद्याबाहेर चालला व १९९९ च्या अधिनियमाने त्यास मान्यता दिली. तिसरे मूल्य जमिनीच्या पुनर्विकासाच्या शक्यतेत असते. या तीन हक्कांची बेरीज केल्याशिवाय जुन्या चाळीची किंमत कळत नाही. दुरुस्तीस पैसा न पुरल्याने इमारती ढासळत गेल्या व १९६९ च्या अधिनियमान्वये दुरुस्ती मंडळ आणि उपकर यांची व्यवस्था करावी लागली, हा याच विभागणीचा परिणाम होय. महानगरपालिकेच्या करआकारणीवरही तिची छाया होती. भाड्यातून दुरुस्तीबद्दल १० टक्के वजा करून येणारे करयोग्य मूल्य हा मालमत्ता कराचा आधार असल्यामुळे दक्षिण मुंबईतील प्रशस्त जुन्या घरांस उपनगरांतील लहान नव्या सदनिकांपेक्षा कमी कर पडे. १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारलेली पद्धत लागू करून ही विसंगती दूर करण्याचा प्रयत्न झाला. [⟶ भाडेनियंत्रण].

नियंत्रणाबाहेरील व्यापारी जागांत मात्र हा दर आपले काम चोख बजावतो. भाडेपट्टा नोंदणीकृत असतो, भाडेवाढीचे टप्पे लेखी ठरलेले असतात आणि भाडेकरूची पत तपासता येते. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने २०१४ मध्ये स्थावर मिळकत गुंतवणूक न्यासांसाठी विनियम केले आणि त्यांखालील पहिल्या न्यासाच्या हिस्स्यांची शेअर बाजारात नोंदणी १ एप्रिल २०१९ रोजी झाली. अशा न्यासाने किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण बांधलेल्या व भाडे देणाऱ्या मिळकतींत ठेवावी आणि वाटपयोग्य निव्वळ रोख रकमेपैकी किमान ९० टक्के हिस्सेदारांत वाटावी, असा नियम आहे. स्वतंत्र मूल्यनिर्धारकाने कोणता भांडवलीकरण दर धरला हे त्यांच्या अहवालांत छापलेले असल्याने सामान्य गुंतवणूकदारासही तो प्रथमच उघडपणे वाचावयास मिळू लागला.

ग्रामीण किनारपट्टीतील प्रश्न : गिरणगावातील चाळींत राहिलेल्या कोकणी चाकरमान्यांची दुसरी मिळकत म्हणजे गावाकडचे घर. शहरातील खोलीप्रमाणेच तेही रूढ सूत्रात सहज बसत नाही. मालवण तालुक्यात गड नदीच्या खाडीकाठी वसलेले मसुरे हे त्याचे चांगले उदाहरण आहे. अनेक वाड्यांचे हे गाव भरतगड किल्ल्यामुळे, आंब्याच्या कलमांमुळे आणि आंगणेवाडी या वाडीतील भराडी देवीच्या जत्रेमुळे प्रसिद्ध आहे. येथील चिरेबंदी, कौलारू घरांपैकी बरीच वर्षातील बहुतेक दिवस बंद असतात व गणेशचतुर्थी, शिमगा, जत्रा आणि मे महिन्याची सुटी एवढ्यापुरती उघडतात. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि चिपी येथील विमानतळ २०२१ मध्ये खुला झाला. तारकर्ली व मालवण येथे पर्यटकांची वर्दळ वाढली आणि बंद घराच्या दोन-तीन खोल्या दुरुस्त करून पाहुण्यांसाठी द्याव्यात, हा विचार आतील गावांतही होऊ लागला. त्यासाठी निवृत्तीची शिल्लक अथवा बँकेचे कर्ज लावले जाते. म्हणूनच या ठिकाणी दराचे गणित केवळ अभ्यासाचा विषय राहत नाही.

पुढील आकडे कल्पित आहेत. अशा घराच्या तीन खोल्यांत दररोज १,५०० रुपये भाडे धरले आणि वर्षाचे ६० टक्के दिवस खोल्या भरलेल्या राहतील असे मानले, तर एकूण उत्पन्न ९ लाख ८५ हजार ५०० रुपये होते. दोन लाख रुपये खर्च वजा करून व घर, जागा आणि दुरुस्ती मिळून ४० लाख रुपयांची गुंतवणूक धरून परतावा १९ टक्क्यांहून अधिक भरतो. कागदावरचे हिशेब बहुधा असेच मांडलेले असतात. वस्तुतः पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्यावरील पर्यटन जवळजवळ थांबते आणि उरलेल्या काळातही मागणी शनिवार-रविवार, नाताळ व सुट्या यांभोवती एकवटते. खोलीमागे वर्षाला ११० दिवस धरणे अधिक समंजसपणाचे. त्याप्रमाणे एकूण उत्पन्न ४ लाख ९५ हजार रुपये होते. मध्यस्थांचे कमिशन, वीज, धुलाई, झाडलोट व पाणी यांस १ लाख ८० हजार; पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे, फुटकी कौले बदलणे, वाळवी लागलेले वासे काढणे व रंग यांस ४५ हजार; घरपट्टी, विमा व परवाने यांस १५ हजार; आणि घरच्या माणसाच्या राबण्याचा मोबदला महिना ८ हजारांप्रमाणे ९६ हजार रुपये. बाकी राहतात १ लाख ५९ हजार. ४० लाखांवर हा दर ४ टक्क्यांहून किंचित कमी आहे.

यातील शेवटची खर्चाची बाब वगळण्याकडे साहजिकच कल असतो, कारण घरातील स्त्रीने पहाटे उठून केलेल्या घावन-चटणीचे पैसे कोणी तिला देत नाही. पण तो मोबदला वगळला म्हणजे घराचे भाडे आणि माणसाची मजुरी यांची गल्लत होते. घर विकत घेणाऱ्या परक्यास ती मजुरी द्यावीच लागेल. म्हणून ती मिळकतीच्या मूल्यात धरता येत नाही. काटेकोरपणे पाहिल्यास रोजच्या भाड्याच्या खोल्या हा व्यवसाय आहे, आणि व्यवसायाचा नफा जागेच्या भाड्यापासून वेगळा काढल्याखेरीज भांडवलीकरण दर लावू नये.

कर्ज घेतले असल्यास चित्र आणखी स्पष्ट होते. ४० लाखांपैकी २५ लाख रुपये ९ टक्के व्याजाने घेतले, तर पहिल्या वर्षी व्याजच २ लाख २५ हजार रुपये होते व निव्वळ उत्पन्न त्यास ६६ हजारांनी कमी पडते. मुद्दलाची फेड निराळीच. मिळकतीचा दर कर्जाच्या व्याजदराहून अधिक असेल तेव्हाच कर्ज मालकाच्या स्वतःच्या भांडवलावरील प्राप्ती वाढविते; तो कमी असल्यास कर्जाचा प्रत्येक रुपया तोटा वाढवितो. ९ टक्के प्राप्तीची अपेक्षा ठेवणारा निर्विकार खरेदीदार या घरास १७ लाख ६७ हजार रुपयांच्या आसपासच किंमत देईल. उरलेली रक्कम मालकाने उत्पन्नासाठी नव्हे, तर घर उभे राहावे म्हणून घातलेली असते. तसे करण्यात गैर काही नाही. मात्र ती गुंतवणूक आहे असे समजून त्यासाठी घर गहाण ठेवणे धोक्याचे आहे.

आंगणेवाडीच्या जत्रेचा उल्लेख अशा हिशेबांत हटकून येतो. देवीचा कौल घेऊन दिवस ठरणाऱ्या या जत्रेस दरवर्षी लाखो लोक येतात आणि त्या दिवसांत परिसरातील एकही घर रिकामे नसते. परंतु घरोघरी उतरलेली मंडळी बहुतांशी आप्तेष्ट असतात; त्यांना जेवूखाऊ घालणे हा मान असतो, भाडे घेण्याचा प्रसंग नव्हे. दुकाने थाटणाऱ्यांना जागा देऊन काही उत्पन्न होत असले, तरी ते वर्षातील मोजक्या दिवसांचे असते व त्याची तारीखही फार आधी ठाऊक नसते. घर भरलेले असणे आणि घराचे भाडे येणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

तुलनेसाठी स्थानिक व्यवहार शोधू गेल्यास दुसरी अडचण येते. गावात विक्री क्वचित होते आणि झाली तरी ती भाऊबंदांत होते. तारकर्लीच्या समुद्रकाठच्या निवासांचा दर खाडीकाठच्या गावास लावता येत नाही, कारण तेथील पर्यटकांचा ओघ व जमिनीची मागणी वेगळी आहे. खाडीकाठच्या बांधकामावर किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांची (१९९१, २०११ व २०१९) बंधनेही असतात. सर्वांत मोठा प्रश्न मालकीहक्काचा. ग्रामपंचायतीच्या आकारणी उताऱ्यावर एकाचे नाव असले, तरी सातबाऱ्यावर आजोबांच्या सर्व वारसांची नावे असतात. त्यांतील काही मुंबईस, काही परदेशी. सर्वांच्या संमतीवाचून दीर्घ भाडेपट्टा करता येत नाही, बँक तारण घेण्यास कचरते आणि खरेदीदार मागे फिरतो. अशा मिळकतीचा अपेक्षित दर दोन-तीन टक्क्यांनी वाढवून धरणे भाग पडते. ६ ऐवजी ९ टक्के धरले की मूल्य तिसऱ्या हिश्श्याने घटते. आयर्लंडबद्दल पेटी यांनी जे म्हटले ते येथे तंतोतंत लागू पडते. उलटपक्षी, वाटपपत्र नोंदवून हिस्से स्वतंत्र करून घेतल्यास भाडे एका रुपयानेही न वाढता मिळकतीची किंमत वाढते. दुरुस्तीवर लाखो रुपये घालण्यापूर्वी वाटपावर काही हजार खर्च करणे हे पुष्कळ कुटुंबांच्या दृष्टीने अधिक लाभदायक ठरावे, पण अशा वाटपास पैशापेक्षा मनाची तयारी अधिक लागते.

कलमांच्या बागांचे मूल्यांकनही याच तत्त्वावर होते, मात्र त्यात एका वर्षाचे उत्पन्न मुळीच आधारभूत मानता येत नाही. बागेतील उभे पीक मोहोर पाहून व्यापाऱ्यास ठोक रकमेने देण्याची पद्धत कोकणात रूढ आहे. ही रक्कम मालकास भाड्यासारखी मिळते. फवारणी, राखण व तोडणी यांपैकी काय कोणाकडे, ते ठरावाप्रमाणे बदलते. हापूसचे झाड बहुधा एका वर्षाआड चांगले धरते. शिवाय अवेळी पाऊस, लांबलेली थंडी वा तुडतुड्यांचा प्रादुर्भाव यांमुळे एखादा हंगाम हातचा जातो. म्हणून किमान पाच-सहा हंगामांची सरासरी घेऊन, खत, राखण व मशागत वजा करून मगच भांडवलीकरण करतात. झाडांचे वयही पाहावे लागते. पंधरा-वीस वर्षांच्या, भरास आलेल्या बागेस जो गुणक लावावयाचा तो पन्नाशी उलटलेल्या बागेस लावता येत नाही. तेथे उरलेल्या फळत्या वर्षांपुरतेच उत्पन्न मोजून जमिनीचे मूल्य स्वतंत्रपणे त्यात मिळवितात. बागायतीतील कुळाच्या हक्काच्या धास्तीने मालक जमीन पट्ट्याने न देता केवळ त्या वर्षीचे फळ विकतात. त्यामुळे उत्पन्नाचा लेखी पुरावा फारसा राहत नाही आणि मूल्यनिर्धारकास व्यापाऱ्यांच्या वह्या व शेजारच्या बागांचे भाव यांवरच विसंबावे लागते.